देवरावच्या पानाशेजारी

त्या दिवशी आपण तुरीचे शेंडे खुडून राह्यलो होतो. तुरीच्या ओळी वाटून घेतलेल्या, तुहा तास डाव्या हाताले, माहा उजव्या. नेहमीसारखी तू चार-पाच झाडं समोर होती, अन् नेहमीसारखं मी मागून म्हणत होतो का घाई कायले करते, तूर काही पळून नाही चालली. तू मान वळवली नाही. शेंडा चिमटीत धरला, नखानं मोडला, पुढचं झाड. तुह्या चिमटीचा आवाज येई, टक, टक. माह्या चिमटीचा येत नाही. मी ओढतो, तू मोडते. ओढलं का साल निघते, हे तू मले हजार डाव सांगतलं.

"पितराची पंचमी आली जवळ," तू म्हणली. "देवरावचं पान हाये."

मी पुढचा शेंडा ओढला.

"ऐकलं का जी?"

"ऐकलं."

"या साली दारव्ह्याले नका जाऊ. घरी जेवा."

"मेलेल्याच्या पंगतीत नाही बसत मी."

तू हासली. पाठमोरी होती, पण खांदे हालले ते दिसलं. "आपलीबी एक दिवस तेच पंगत हाये जी," म्हणली. मंग चार झाडं खुडून थांबली, पदरानं तोंड पुसलं अन् वावराच्या कडेले, धुऱ्यावर जाऊन बसली. घाम काहून येऊन राह्यला एवढा, म्हणली. राहू द्या, माहा तास सकाळी घेईन मी.

ऊन अजून बक्कळ होतं. मी माहा तास शेवटापर्यंत नेला. तुहा अर्धा राह्यलेला माह्या बाजूलेच होता, हात लांब केला असता तर झाला असता. नाही केला. देवरावच्या पानाचा राग होता मले. माहा तास सरला तसा मी हात झाडले अन् म्हणलं, चाल घरी.

सांजी आपल्या सुनेनं, रेखानं चहा मांडला. चहाले उकळी येण्याच्या आधी तू गेली, भिंतीले टेकून बसल्या-बसल्या. त्याच्यावर मी जास्त लिहीत नाही.

तुले वाचता येत नाही, म्हणून तर लिहून राह्यलो. तोंडावर बोलाची हिंमत पंचेचाळीस वर्सांत झाली नाही. नातीची वही घेतली, अन् चवथी शिकलेला माणूस जसं लिहिते तसं लिहून राह्यलो. पण लिहिता लिहिता ध्यानात आलं का देवराव सातवी शिकलेला होता. हे तुह्या भावानं मले आपल्या पाटाच्याच दिवशी सांगून टाकलं होतं, कायले सांगतलं त्याचं त्याले ठाऊक. म्हणजे हे कागद तिथं पोहोचले तर वाचून दाखवाले तोच. तिथंबी तोच मधात. वाच गा बुवा. पण लिहिलं तसंच वाच, आपल्या मनचं घालू नको.

लोकाइले वाटते म्हातारा रडून रडून अर्धा झाला. रडतोच. पण तुह्यापासून काय लपवाचं, त्यातलं अर्धंच रडणं आहे. बाकीचं जळणं आहे. घरातल्या बाया म्हणतात, सुटली बिचारी, चांगल्या ठिकाणी गेली. मी म्हणतो मनात, गेली ना, पण कोणाकडं गेली.

देवराव कोण हे आपल्या घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही कधी. रेखा या घरात आली तेव्हा पहिल्याच पितरात तिनं मले विचारलं होतं, मामाजी, हे पान कोणाचं? मी म्हणलं, तुह्या सासूले विचार. तू तिले सांगतलं, माहा पहिला मालक. असं सांगतलं जसं कोणी म्हणते, माहं पहिलं गाव. आताच्या पोराइले पाट समजत नाही. विधवा बाईचं दुसरं लग्न, पण त्याले लग्न म्हणाचं नाही. वाजा नाही, मांडव नाही, अक्षता नाही. चार माणसं बसली, लुगडं नेसवलं, गूळ वाटला, झालं. तू ढाणकीकडल्या त्या गावात दीड वर्स राह्यली. विहीर बांधता बांधता दरड कोसळली अन् देवराव खाली राह्यला. मंग दोन वर्सं भावाच्या घरी, अन् मंग माह्या घरी. एक पत्र्याची पेटी अन् तू.

मी त्याले कधी पाह्यलं नाही. फोटो नाही. उंच होता का बुटका, मले ठाऊक नाही. त्याच्याशी भांडाचं तर कुठं हात घालाचा. अन् तू त्याच्याबद्दल एक वाईट शब्द बोलली नाही. एवढ्या वर्सांत एक बोलायचा होता. घोरत होता, म्हणाचं. चिडका होता, म्हणाचं. मले चांगली झोप लागली असती. तू चांगलंही बोलली नाही, हे कबूल. पण माणूस बोलत नाही तेव्हा समोरच्याच्या मनात तो उंच होत जाते. माह्या मनात देवराव आता ताडाएवढा आहे. अन् वय त्याचं तेवीसच. मी सत्तरीचा झालो, दात गेले, गुडघे गेले, अन् हा गडी तिथं अजून तेवीसचा बसला आहे.

नावाचंही तेच. लग्नात नवरीचं नाव बदलते. माहेरी तू जनी होती. वत्सला नाव त्यानं ठेवलं, तांदळाच्या ताटात बोटानं लिहून, त्याले लिहिता येत होतं ना. पाटात नाव बदलत नाही, तो हक्क पहिल्याचा. म्हणून मी तुले जन्मभर "अवं" म्हणलं. लोक म्हणत, जुन्या वळणाचा माणूस, बायकोचं नाव घेत नाही. जुनं वळण कायचं. ज्या ज्या डाव मी वत्सला म्हणीन, त्या त्या डाव त्याच्याच तोंडातून म्हणीन असं वाटे मले. तुले कधी वाटलं का, हा माणूस माहं नाव काहून घेत नाही? वाटलं असन. तूबी विचारलं नाही.

पण एक सांगतो, पहिली मलेबी होती. हे तुले आवडे, म्हणून सांगतो.

मी तेव्हा बिनलग्नाचा. आमचे मोठे काका म्हणले, बिनलग्नाच्या पोरानं पाट लावला तर पहिलं लग्न त्याचं रुईच्या झाडाशी लागते. आपल्यात असंच आहे. मंग मले नवे कपडे घालून वावरात नेलं. धुऱ्यावर रुई होती, कमरेएवढी. तिले हळद लावली, पिवळा दोरा गुंडाळला, अन् मी तिच्यासमोर उभा. पोरं हासून हासून लोळत होती. काकांनी इळा दिला हाती अन् म्हणले, तोड. म्हणजे तुहीबी पहिली मेली, तिचाबी पहिला मेला, आता बरोबर झालं. मी एका झटक्यात तोडली. चीक उडाला अंगरख्यावर, तो डाग गेला नाही.

पुढच्या मिरगाले त्याच जागी रुई उभी. तू पहिल्यांदा माह्यासंगं त्या वावरात आली तेव्हा कोणीतरी तुले सांगतलं, हे पाह्य तुही सवत. तू कमरेवर हात ठेवून पाह्यत राह्यली. मंग मले म्हणली, "माहा पहिला गेला तो गेला जी. तुमची तर मराले तयारच नाही." तुहं मोठ्यानं हासणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तवापासून दर पोळ्याले बैलाइच्या आधी तू त्या रुईले हळद-कुंकू लावे. म्हणे, मोठी हाये ती माह्यापेक्षा, मान तिचा. मी किती डाव म्हणलं तोडतो, बैलाइले आडवी येते. तू नाही तोडू दिली. मले मनातून बरं वाटे. वाटे, हीबी जळत असन थोडीशी. आता वाटते, तू जळत नव्हती. तू खेळत होती. जळणारा मी एकटाच.

मंग पितरपंधरवड्यातली पंचमी. दर साली तेच. तू फाटेपासून, अंधारातच, उडीद वाटाले बसे, वडे, कढी, कोहळ्याची भाजी, खीर. अन् मी न्हाऊन, टोपी घालून, दारव्ह्याच्या जीपमध्ये. काही काम नसे दारव्ह्याले. बस अड्ड्याजवळच्या हॉटेलात बसाचं, दोन आलूबोंडे खाचे, पेपराचे मोठे अक्षरं वाचाचे, उतरत्या उन्हात परत याचं. तू माहं ताट झाकून ठेवलेलं असे. मी म्हणे भूक नाही. तू दुसऱ्या दिवशी तेच वडे तापवून देई अन् मी तेव्हा खाई. काल तो पितराचा वडा होता, आज नुसता वडा आहे, असा हिशोब माहा.

एका साली जीप मिळाली नाही अन् मी फाट्यावरून पायी परत आलो. फाटकातून पाह्यलं. पान मांडलेलं होतं, उदबत्ती होती, अन् तू पानासमोर बसून बोलून राह्यली होती. ओठ हालत होते. मले काही ऐकू आलं नाही. पण तोंड तुहं असं होतं जसं माह्याशी बोलताना कधी नव्हतं, कोणाजवळ काही मागताना असते तसं, लहान. मी उलट्या पावलानं गेलो अन् सांज होईपर्यंत मारुतीच्या पारावर बसलो. ते हालते ओठ मी पंधरा-वीस वर्सं डोळ्यात घेऊन फिरलो. काय बोलत असन हे त्याच्याशी. माही चुगली करत असन. का म्हणत असन, तुमी असते तर.

एक डाव, फक्त एक डाव, मी विचारलं होतं तुले. आठवते? आपल्या गजाननचं लग्न झालं त्या साली, सोयाबीन पाण्यात गेलं होतं अन् मी आठ दिवस खाटेवरून उठलो नव्हतो. तू चहा घेऊन आली. मी म्हणलं, तू एकोणीसची असताना तुहा माणूस गेला. तू कशी उठली?

तू म्हणली, "उठली म्हणजे काय जी. दुसऱ्या दिवशी सकाळी तुरीचे शेंडे खुडाले गेली."

"दुसऱ्याच दिवशी?"

"सासू माही बोंबलत आली मागं. म्हणे, नवऱ्याची राख गरम हाये अन् हे वावरात. मी म्हणलं, तुरीले काय ठाव कोण मेलं. तिचा दिवस टळला का ती नुसती उंच जाते, फुटत नाही."

एवढं बोलून तू कप उचलून घेऊन गेली. मी त्याच्यावर किती दिवस विचार केला. ते ऐकून मी खाटेवरून उठलो, हे खरं आहे. त्या साली आपण हरभऱ्यावर निघालो, हेही खरं. पण मले तेव्हाही जळाले झालं. वाटलं, हिले एक गोष्ट येते जे मले येत नाही. अंधारातून वर येण्याची एक वाट हिच्या पायाखालची आहे, अन् हे त्या वाटेनं गेली ती देवरावसाठी. माह्यासाठी हिले तसं जावं लागणार नाही, कारण मी पहिले मरणार, अन् मेल्यावर मले कसं दिसन हे दुसऱ्या दिवशी वावरात गेली का नाही ते. असे विचार, पाह्य. माणूस किती वेडा असते.

झालं उलटंच. तू पहिले गेली, अन् मले ते येत नाही ते येतच नाही.

तू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काय केलं सांगतो, कोणाले सांगतलं नाही. घरातल्या बाया न्हाणीकडं होत्या तेव्हा तुही पत्र्याची पेटी उघडली. शोधलं. त्याचं काही असन म्हणलं, एखादा रुमाल, एखादी चिठ्ठी, तो सातवी शिकलेला ना. काही नाही. तुहे दोन लुगडे, गजाननच्या लहानपणाचं झबलं, अन् माहा तो रुईच्या चिकाचा डाग पडलेला अंगरखा, घडी घालून. त्यावर तर मले आनंद व्हायले पायजे होता. नाही झाला. मी म्हणलं, मंग त्याले हिनं ठेवला कुठं? जे पेटीत नाही ते आतमध्येच असन. कुऱ्हाड घेतली अन् वावरात गेलो. सुतकात हत्याराले हात लावत नाहीत, हे ठाऊक होतं. रुई तोडली. बुडापासून. म्हणलं, तू तुह्या पहिल्याकडं गेली, मंग माही कायले उभी ठेवू. तुहा अर्धा राह्यलेला तास तिथंच समोर होता, त्याच्याकडं पाह्यलंसुद्धा नाही.

तू अशा सकाळी शेंडे खुडाले गेली होती. अन् मी कुऱ्हाड चालवली. एवढा फरक आहे तुह्यात अन् माह्यात.

दहाव्याले नाल्यावर गेलो. सगळे म्हणत होते आता कावळ्याची वाट पाहा लागन, काही इच्छा राह्यली असन तर तो शिवत नाही. मी मनात म्हणलं, दुपार होऊ दे, सांज होऊ दे, मी बसतो. पिंड ठेवून गजानन चार पावलं मागं सरकला नाही तर कावळा आला अन् घेऊन गेला. लोक म्हणले, समाधानानं गेली माउली. सगळ्याइच्या तोंडावर हसू. अन् मले असं झालं जसं कोणी भर बाजारात थापड मारली. काहीच राह्यलं नव्हतं का व तुहं इथं? एवढंसं? माह्यात?

पंचमी सुतकात गेली. देवरावचं पान पहिल्यांदा राह्यलं. मी त्या दिवशी खाटेवर पडून होतो अन् खोटं नाही बोलत, मले बरं वाटलं. उपाशी राह्य म्हणलं एक साल.

तेरवी झाली, पाव्हणे गेले. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती, तिथ चुकलेल्या पितराचं पान टाकाचा दिवस. त्या सांजी आंगणात मी, गजानन, अन् रेखा तेरवीचे भांडे पुसून राह्यली होती. गजानन म्हणला, "बाबा, आता ते देवरावचं पान बंद करू. आईसंगं गेलं ते. आपला काय संबंध त्याचा?"

पंचेचाळीस वर्सं ज्या गोष्टीची वाट पाह्यली ते पोरगं आपल्या तोंडानं बोलून राह्यलं होतं. मी म्हणलं, "हो. कायचा संबंध."

रेखानं पुसत होती तो गंज खाली ठेवला. "पान तर टाका लागन मामाजी."

"कायले?"

"आत्याबाईचं मागणं अर्धं राहीन."

"कायचं मागणं?"

तिनं माह्याकडं असं पाह्यलं जसं मी थट्टा करून राह्यलो. "तुमाले ठाव नाही?"

"मी असतो का त्या दिवशी घरी?"

"ते तर खरं. तुमी आलूबोंडे खाले जाता." ही तुहीच शिकवण आहे, सासऱ्याले असं तोंडावर बोलाची. मंग ती म्हणली, "पानासमोर बसून दर साली एकच म्हणत त्या. तुमी लवकर गेले. तुमचे दिवस राह्यले असन तिथं कुठं बाकी. तुमाले आता ते काय कामाचे. माह्या म्हाताऱ्याले देऊन टाका."

गजानन उठून गोठ्याकडं गेला. त्याले असं काही ऐकू आलं का तो उठून जाते, माह्यावर गेला.

मी विचारलं, "पहिल्या सालापासून म्हणे का?"

"मी आली तवापासून तर म्हाताऱ्यालेच द्या म्हणत. त्याच्या आधी तुमी म्हातारे नव्हते मामाजी, तेव्हा काय म्हणत ते मी कशी सांगू."

तुले वाटत असन, हे ऐकून म्हाताऱ्याचं जळणं विझलं असन. नाही विझलं. जास्तच पेटलं. माह्याजवळ तू कधी काही मागतलं नाही. लुगडं नाही, बांगडी नाही, माहेरी जाऊ का हेसुद्धा नाही, जाते म्हणून सांगे. अन् ते लहान तोंड करून मागतलं ते त्याच्याजवळ. मी पारावर बसून जळून राह्यलो होतो अन् तू तिथं माह्यासाठी त्याच्या पाया पडून राह्यली होती. मले सांगतलं असतं तर मी म्हणलं असतं, नाही पायजे त्याचे दिवस मले. म्हणूनच नसन सांगतलं. म्हणजे हे सत्तर वर्सं माहे सगळे माहे नाहीत. यातले किती त्याचे, कोण सांगन. गजाननचं लग्न मी पाह्यलं ते कोणाच्या दिवसात? नात झाली ते? तुह्या बाजूच्या तासात मी तूर खुडत होतो, ते ऊन त्याच्या वाट्याचं होतं का?

ओट्यावर बसून राह्यलो. मंग हळूहळू आठवलं का मागतलं होतं. मागतलं होतं माह्याजवळबी. दर साली एकच, अन् शेवटच्या दिवशीही तेच. घरी जेवा. अन् दर साली मी टोपी घालून जीपमध्ये बसलो. त्यानं तुहं मागणं ऐकलं. मी नाही ऐकलं.

रात गेली कशीतरी. फाटेच मी रेखाले म्हणलं, "उडीद भिजवले का?"

ती म्हणली, "कालच भिजवले."

तुह्या हाताखाली तयार झाली ती. मले कळाच्या आधी तिले कळते.

दोन पानं मांडाले लावली. एक त्याचं, एक त्याच्या शेजारी माहं. तुहं पान वर्स होईपर्यंत मांडता येत नाही म्हणे, म्हणून आम्ही दोघंच. गजानन म्हणला, बाबा, असं कोणी बसते का, पितराच्या पानाशेजारी? मी म्हणलं, मी बसतो. रेखानं वाढलं. मी म्हणलं दोन्ही पानात सारखं वाढ. पण पाह्यलं तर त्याच्या पानात खीर जरा जास्त होती. राहू दिलं. त्याचा घास मीच छपराच्या टिनावर ठेवला, हात जोडले, अन् खाली येऊन त्याच्या बाजूले मांडी घालून बसलो. म्हणलं, कढीत मीठ कमी आहे गा, चालवून घे, पोरगी रडता रडता रांधून राह्यली. कावळा आला का नाही ते पाह्यलं नाही. मी जेवत होतो. पाच वडे खाल्ले. पहिल्यांदा गरम खाल्ले मी ते वडे. एवढे चांगले लागतात हे ठाऊक नव्हतं.

देवराव, आता इथून तुह्याशी बोलतो, तिले सांगू नको. तिच्या चहात गूळ लागते, साखर नाही. उजव्या टाचेले भेग आहे, थंडीत रक्त येते, तेल गरम करून लावून दे, ती आपल्या हातानं लावत नाही. ती समोर चालते अन् मागून आवाज दिला तर मान वळवत नाही, त्याचा राग धरू नको, तसाच स्वभाव आहे. तू तिले दीड वर्स पाह्यलं, एकोणीसपर्यंतची. त्याच्यानंतरची मले ठाऊक आहे. तुले विचाराचं असन तर मले विचारा लागन. मी येतोच आहे, पण घाई नाही, तुहेच दिवस वापरून राह्यलो. ते सरले म्हणजे येतो. तिथं बसून मंग काय ते बोलू, दोघं.

अन् आता पुन्हा तुले सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वावरात गेलो. हातात काही घेतलं नाही. धुऱ्यावर रुईच्या बुडातून चार कोंब आले होते, बोटाएवढे, पांढुरके. पंधरा दिवस झाले नाही अन् माही पहिली परत. तू असती तर बोलली असती काहीतरी. मी बाजूनं निघून गेलो, पाय पडू दिला नाही.

मंग तुहा तास. तू कुठं थांबली ते बोट ठेवून दाखवता येत होतं. जिथपर्यंत तुहं नख लागलं तिथपर्यंतची तूर बाजूनं फुटली होती, एकेका झाडाले सहा-सहा, सात-सात फांद्या, अंगानं भरलेली. त्याच्या पुढची नुसती उंच, एकेरी, वाऱ्यानं इकडून तिकडं. उशीर झाला होता, पण अगदीच गेला नव्हता दिवस. मी पहिल्या एकेऱ्या झाडाजवळ उभा राह्यलो. शेंडा चिमटीत धरला. ओढला नाही, मोडला. आवाज आला.

चार-पाच झाडं खुडली अन् समोर पाह्यलं, जिथं तू असती तिथं. अन् मोठ्यानं म्हणलं, वत्सला.

कोणी मान वळवली नाही. तू जिती होती तेव्हाही वळवत नव्हती. पलीकडच्या वावरातली बाई थांबून पाह्यत राह्यली, पाहू दिलं. आणखी एक डाव म्हणलं.

नाव चांगलं आहे. त्यानं चांगलं ठेवलं होतं.

मंग तुहा उरलेला तास घेतला.